येतो म्हण

पहाटे पावणेसहाला कॅबवाल्याचा फोन आला, ‘सर, गेटपर आया हूँ.’ मुलगा बंगळूरला परत निघाला होता. चार दिवस राहिला, त्यातले दोन लॅपटॉपपुढेच गेले. बायकोने थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून सॅकच्या वरच्या कप्प्यात कोंबली. आई चपलांच्या स्टँडला धरून दारात उभी. ‘चल आजी, जातो,’ म्हणून तो पाया पडला आणि निघाला. ‘जातो काय रे, येतो म्हण,’ आई म्हणाली, पण तोवर पोरगं अर्धा जिना उतरलं होतं. मी मागून बॅग घेऊन. बॅग डिकीत टाकली आणि वळलो, तर वॉचमनने दुधाच्या दोन पिशव्या हातात दिल्या. गार, ओल्या, कोपऱ्यातून पाणी ठिबकणाऱ्या. एक या हातात, एक त्या हातात. गाडी सुरू झाली. काच खाली आली, पोराने हात बाहेर काढून वर केला. आणि मी, दोन्ही हातांत अर्धा-अर्धा लिटर दूध धरून, नुसती हनुवटी वर केली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

एवढंच. यात सांगण्यासारखं काही नाही. एका हातातली पिशवी दुसऱ्या हातात घ्यायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ होता. पण सुचलं नाही, आणि जिना चढताना सुचलं. दूध तापवताना पुन्हा सुचलं. दुपारी ऑफिसात कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे तो काचेबाहेरचा हात. आणि मग, का कोण जाणे, हॉलिवूडचा नट जीन हॅकमन आठवला.

का कोण जाणे म्हणतोय, पण कारण पक्कं माहीत आहे.

हॅकमन तेरा वर्षांचा असतानाची गोष्ट. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डॅनव्हिल नावाचं गाव आहे, इंडियानाच्या सीमेला खेटून. तिथे आजीच्या घरात हे कुटुंब राहायचं. वडील गावातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशिनवर. एक दिवस पोरगा रस्त्यावर खेळत होता. वडिलांची गाडी आली. थांबली नाही. वडिलांनी आतून हात केला आणि गाडी पुढे निघून गेली. बस्स. वडील घर सोडून गेले ते तसेच. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पोराला त्या हातावरूनच कळलं. रोज कामाला जाताना करतात तो हा हात नव्हे, हे तेराव्या वर्षी कळणं म्हणजे काय असेल! पुढे मुलाखतींतून ही गोष्ट त्याने सांगितली. एका छोट्याशा हालचालीत किती काय मावतं हे तेव्हा समजलं, आणि कदाचित म्हणूनच नट झालो, अशा अर्थाचं तो बोलायचा. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकणाऱ्या मुलांसमोर झालेल्या मुलाखतीत ही गोष्ट निघाली, तेव्हा हा सत्तरी ओलांडलेला, दोन ऑस्कर घरात असलेला, पडद्यावर लोकांना भिंतीवर आपटणारा गडी गळा दाटून गप्प झाला होता.

आपल्याकडे निरोपाचे नियम फार कडक. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. निघालेल्या माणसाला ‘कुठे?’ विचारायचं नाही. आणि मयताच्या घरून निघताना ‘येतो’सुद्धा म्हणायचं नाही, तिथून न बोलता उठायचं, चपला घालायच्या आणि चालू पडायचं. लहानपणी याचं हसू यायचं. सदाशिव पेठेतल्या एका घरी सांत्वनाला गेलो असताना मी निघताना सवयीने ‘येतो हं’ म्हणालो होतो, आणि आईने जिन्यातच दंडाला असा चिमटा काढला होता की दोन दिवस निळा डाग होता. डॅनव्हिलच्या त्या बापाची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा हाच चिमटा आठवला. तो माणूस आपल्या पोराला ना ‘जातो’ म्हणाला, ना ‘येतो’. मयताच्या घरून उठावं तसा उठला.

हॅकमन माझ्या आयुष्यात आला तो मात्र टकल्या खलनायक म्हणून, आणि तोही धड टकल्या नव्हे. ‘सुपरमॅन’मधला लेक्स लूथर. मूळ चित्रकथेतला लूथर तुळतुळीत टकलाचा; हॅकमनला केस काढायचे नव्हते, मिशीही काढायची नव्हती. दिग्दर्शक रिचर्ड डोनरने सौदा केला की तू मिशी काढ, मीही माझी काढतो. हॅकमनने काढली, आणि डोनरने आपली खोटी चिकटवलेली मिशी टर्रकन ओढून दाखवली! आम्ही तो पिक्चर गणपतीच्या मांडवात, भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला. कॅसेट इतकी घासलेली की पडद्यावर खालून वर पांढरी रेघ सारखी फिरत होती. सुपरमॅन उडाला की पोरं ओरडायची. मला मात्र तो जमिनीखाली राहणारा, विग घालणारा, स्वतःवर भयंकर खूश असलेला माणूस आवडून गेला होता. नाव माहीत नव्हतं. ‘तो लूथर’ एवढंच.

नाव कळलं कॉलेजात. आणि मग लक्षात आलं की हा माणूस नट वाटतच नाही. बँकेत काउंटरपलीकडे बसलेला, आपला चेक दोनदा उलटसुलट करून बघणारा माणूस जसा दिसतो तसा हा दिसायचा. केस तरुणपणीच मागे हटलेले, नाक गुबगुबीत, हसला की डोळे बारीक. पॅसाडेनाच्या नाट्यशाळेत शिकायला गेला तेव्हा त्याला आणि त्याच्या एका बुटक्या मित्राला वर्गाने ‘हे दोघे यशस्वी होणं सगळ्यात अवघड’ असा किताब दिला होता. बुटका मित्र म्हणजे पुढे गाजलेला नट डस्टिन हॉफमन. त्याआधी सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून अमेरिकेच्या मरीन सैन्यदलात शिरला, रेडिओ ऑपरेटर झाला, चीनपर्यंत जाऊन आला. मग न्यूयॉर्क. फर्निचर वाहा, बूट विक, हॉटेलच्या दाराशी गणवेश घालून उभा राहा. टाइम्स स्क्वेअरमधल्या त्या दाराशी उभा असताना जुन्या ओळखीचा कुणीतरी समोरून गेला आणि जाता जाता घालून पाडून बोलला. तो माणूस कोण, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं मरीनमधला साहेब, कुणी म्हणतं पॅसाडेनाचा मास्तर. मला दुसरं खरं असावंसं वाटतं. मास्तर असं बोलू शकतात. दरम्यान हॉफमन ‘चार दिवस राहतो’ म्हणून आला आणि हॅकमनच्या टीचभर घराच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पथारी टाकून बसला तो हलेचना. शेवटी आणखी एका नटमित्राकडे, रॉबर्ट डुव्हॉलकडे, त्याची रवानगी करावी लागली. या तिघांपैकी तेव्हा कुणालाच कुणी ओळखत नव्हतं.

१९६७ साली ‘द ग्रॅज्युएट’मध्ये काम मिळालं आणि तालमी चालू असतानाच काढून टाकलं गेलं. त्याच वर्षी ‘बॉनी अँड क्लाइड’ आला आणि ऑस्करचं पहिलं नामांकन मिळालं. वय सदतीस. आपल्याकडे या वयाला माणूस होम लोनचे हप्ते मोजत असतो.

पण मला सांगायचंय ते ‘द फ्रेंच कनेक्शन’बद्दल. १९७१. न्यूयॉर्कचा पोलीस पॉपाय डॉइल आणि फ्रान्सातल्या मार्सेयचा अफू-हेरॉइनवाला शार्निये. सगळे जण त्यातल्या त्या गाडीच्या पाठलागाबद्दल बोलतात. वरून रेल्वे, खालून गाडी, ब्रुकलिनच्या खांबांमधून. तो आहेच. मला त्यातली थंडी आठवते. शार्निये आणि त्याचा साथीदार उबदार रेस्तराँमध्ये बसून सावकाश जेवताहेत, आणि समोरच्या फुटपाथवर डॉइल गारठून उभा, हातात पिझ्झाचा तुकडा. डॉइलचा जोडीदार पोलीस त्याला कॉफीचा कागदी पेला आणून देतो. डॉइल एक घोट घेऊन तोंड वाकडं करतो आणि उरलेली फुटपाथवर ओतून टाकतो. एक शब्द नाही. तेवढ्यात कळतं की हा माणूस त्या फ्रेंचाचा द्वेष नुसता हेरॉइनसाठी करत नाहीये.

आणि मग भुयारी रेल्वेचं स्टेशन. शार्निये गाडीत चढतो, उतरतो, पुन्हा चढतो; डॉइल त्याच्यामागे, आपण त्या गावचेच नाही असं दाखवत, चढतो, उतरतो. शेवटी दार बंद होताना शार्निये आपली चांदीच्या मुठीची छत्री मध्ये घालतो, दार उघडतं, तो अलगद आत. दार मिटतं. डॉइल बाहेर. गाडी हलते, डॉइल फलाटावरून धावतो, आणि काचेपलीकडून तो सभ्य, दाढीवाला, ओव्हरकोटातला माणूस बोटं हलवून त्याला टाटा करतो. नुसती बोटं. हॅकमनचा त्या क्षणीचा चेहरा मी किती वेळा मागे करून पाहिला असेल. सिनेमाच्या शेवटी पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी रस्ता अडवलेला असतो. शार्नियेची गाडी येऊन थांबते. समोर डॉइल उभा. आणि तो हात वर करून अगदी तस्साच, बोटं हलवून, टाटा परत करतो.

हातचं राखून ठेवलेलं देणं फेडावं तसा.

जाणाऱ्या गाडीतून कुणीतरी हात करतंय आणि हा रस्त्यावर उभा आहे. योगायोग असेल. पटकथेत तसं होतं म्हणून तसं झालं असेल. सिनेमा काही एका नटाच्या लहानपणावर चालत नाही. मी त्यातून काही सिद्ध करायला बसलेलो नाही. पण डॅनव्हिलची गोष्ट कळल्यावर पुन्हा तो प्रसंग पाहिला, आणि त्या फलाटावर मला चाळिशीचा पोलीस दिसेना. शूटिंगच्या वेळी म्हणे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन त्याला मुद्दाम डिवचत राहायचा, राग कमी पडतोय म्हणून. ज्या खऱ्या पोलिसावर ही भूमिका बेतली होती त्या एडी ईगनचा रांगडेपणा, त्याच्या तोंडची भाषा, हॅकमनला सहन होत नव्हती; सुरुवातीच्या दिवसांतच काम सोडायची भाषा करून झाली होती. सोडलं नाही. पहिलं ऑस्कर त्याचंच.

आधीच्याच वर्षी, १९७० साली, त्याने ‘आय नेव्हर सँग फॉर माय फादर’ केला होता. म्हातारा, हट्टी, कोरडा बाप आणि चाळिशीतला मुलगा. मुलाला बापावर प्रेम करायचंय आणि बाप दार उघडत नाही. त्या मुलाचं नावही जीनच. हा सिनेमा आपल्याकडे फार कुणी पाहिलेला नाही. नाटकावरून घेतलाय हे जाणवतं, बोलणी लांबतात. पण बापलेक एकमेकांसमोर बसून अंत्यसंस्काराच्या पेटीपर्यंत काय काय बोलत राहतात आणि मुद्द्याचं तेवढं बोलत नाहीत, ते बघताना मराठी माणसाला अनुवादाची गरज पडू नये.

आणि तीसेक वर्षांनी बाजू बदलली. ‘द रॉयल टेनेनबॉम्स’ या २००१च्या सिनेमात तो बाप झाला; घर सोडून गेलेला, फसवा, गोडबोल्या बाप. पैसे संपल्यावर मरायला टेकल्याचं नाटक करून घरात परत घुसणारा. दिग्दर्शक वेस अँडरसनने ती भूमिका त्याच्यासाठीच लिहिली होती आणि हा बराच काळ नाहीच म्हणत होता. त्या बापाचा राग यायला हवा आणि येत नाही, हा हॅकमनचा चावटपणा. नातवंडांना घेऊन रस्त्यावर हुंदडतो, दुकानातून किरकोळ चोऱ्या करायला शिकवतो! स्वतःच्या बापाला त्याने यात माफ केलं का, असं काहीतरी लिहायचा मोह होतो. पण खुद्द त्याने मुलाखतीत कबूल केलं होतं की कामासाठी आपण तीन-तीन, चार-चार महिने घरापासून लांब राहिलो, नट स्वार्थी होत जातो. म्हणजे हात करून जाणाऱ्यांच्या गाडीत तोही बसून आला होता. दोन्ही खिडक्यांतून त्याला दिसत होतं.

‘अनफर्गिव्हन’चा लिटल बिल हा तर क्रूर शेरिफ, हसत हसत माणसं तुडवणारा. हिंसेचे सिनेमे आता नकोत म्हणून हॅकमनने ती भूमिका आधी नाकारली होती. दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूडने मनधरणी केली. हा शेरिफ फावल्या वेळात स्वतःच्या हाताने घर बांधत असतो. सुतारकाम इतकं वाईट की एक कोपरा सरळ नाही, छत गळतं, आणि पावसात घरभर भांडी मांडून हा गडी ऐटीत बसलेला. शेवटी बंदुकीच्या नळीखाली पडलेला असताना तो म्हणतो की मला हे असं मरण यायला नको होतं, मी घर बांधत होतो. एवढा दुष्ट माणूस, आणि त्या एका वाक्याला पोटात कालवतं. १९९३ सालचं दुसरं ऑस्कर त्याचं.

सिनेमातून त्याचं जाणंही असंच. २००४ साली एक बेताची विनोदी फिल्म आली, ‘वेलकम टू मूसपोर्ट’, आणि मग काहीच नाही. निवृत्तीची पार्टी नाही, ‘माझा शेवटचा चित्रपट’ अशी जाहिरात नाही. डॉक्टरने सांगितलं होतं की हृदयाला ताण नको. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे बायकोबरोबर राहिला. चित्रं काढली, कादंबऱ्या लिहिल्या, सायकल चालवली. वीस वर्षं लोक विचारत राहिले आणि तो नाही म्हणत राहिला. आपल्याकडच्या नटांना हे जमत नाही असं म्हणणार होतो, पण नटच कशाला, आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही जमत नाही.

मग २०२५ची ती फेब्रुवारीतली बातमी. २६ तारखेला सांता फेच्या घरात दोघेही मृतावस्थेत सापडले. पहिले काही दिवस नाही नाही ते तर्क. मार्चमध्ये तपासणाऱ्यांनी सांगितलं ते ऐकून तर्कच बरे होते असं वाटलं. बायको, बेट्सी अराकावा, पियानो वाजवणारी, वय ६५, उंदरांमुळे पसरणाऱ्या हंटा विषाणूने आधी गेली. हॅकमन ९५ वर्षांचा, हृदयविकार, आणि अल्झायमर्स पुढच्या टप्प्यावर. त्याच्या पेसमेकरची शेवटची नोंद १८ फेब्रुवारीची. म्हणजे आठवडाभराच्या आसपास तो त्या घरात एकटा होता. बायको गेल्याचं त्याला कदाचित कळलंच नसावं, असं वैद्यकीय तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं. सापडला तेव्हा काठी शेजारी पडलेली, गॉगलही तिथेच. तीन कुत्र्यांपैकी एक पिंजऱ्यात मेलेलं, दोन जिवंत.

त्या आठवड्याबद्दल मी विचार करायचा नाही असं ठरवतो आणि करतो. तो तिला हाका मारत असेल का? की थोडा वेळ शोधून, मग आपण काय शोधतोय तेच विसरून खिडकीशी बसत असेल? ज्या माणसाने एका हातावरून बाप गेल्याचं ओळखलं, त्याच्या घरातलं माणूस शेजारच्या खोलीतून गेलं आणि ते त्याला ओळखता येऊ नये. किंवा बरंच झालं. दोन्ही वाटतं. आलटून पालटून वाटतं.

हे मला जास्त लागायचं कारण आमच्या घरातही आहे. आईला हल्ली विसरायला होतं. फार नाही, अजून तरी. गोळी घेतली का हे तीनदा विचारते. गेल्या महिन्यात भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले. त्याने बिचाऱ्याने आणून परत केले. पण नियम एकही विसरलेली नाही. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही, निघताना जातो म्हणायचं नाही. नावं गळतील, तारखा गळतील, आणि हे तेवढं शेवटपर्यंत राहील असं दिसतंय.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर ती डायनिंग टेबलाशी मटार सोलत बसली होती. पोराचा मेसेज सकाळीच आला होता, ‘रीच्ड’, एवढाच. मी काहीतरी चार ओळी लिहून खोडल्या आणि अंगठा पाठवला. हात नाही तर निदान अंगठा. आईने विचारलं, पोहोचला का? पोहोचला म्हणालो. दाणे वाटीत टाकत ती म्हणाली, थालीपिठं खाल्ली का त्याने? खाल्ली असतील. मग मी कपडे बदलून आलो तर तिने पुन्हा विचारलं, पोहोचला का? पोहोचला आई. ती थोडा वेळ गप्प. एक शेंग किडकी निघाली ती बाजूला ठेवली.

‘निघताना येतो म्हणाला ना रे?’

‘हो,’ म्हणालो. ‘खाली गाडीत बसताना म्हणाला. तुला ऐकू आलं नसेल.’

‘मग ठीक,’ ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली. मी समोर बसून तिच्याबरोबर सोलायला लागलो.